जीपीकडून संशोधनाचा मेसेज आला: आईच्या वतीने मी सही करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांच्या आईला (वय ६८, डायबेटिस आणि ब्लड प्रेशर दोन्ही) त्यांच्या जीपी सर्जरीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याकडून, मोबाइलवर मेसेज आला: तुम्ही एका वैद्यकीय संशोधनात सहभागी होऊ शकता, इच्छा असेल तर कळवा. मुलगा विचारतोय, ही फसवणूक तर नाही ना? आईवर औषधाचे प्रयोग करणार का? नाही म्हटलं तर तिच्या उपचारांकडे दुर्लक्ष होईल का? आणि आईला इंग्रजी फारसं येत नाही, तर तिच्या वतीने मीच सही करून टाकली तर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, चालणार नाही. आई शुद्धीवर आहेत, स्वतःचं बरंवाईट त्यांना कळतं, म्हणजे निर्णय त्यांचा आणि सहीही त्यांचीच. स्मृतिभ्रंशासारख्या कारणाने ज्यांना निर्णयच घेता येत नाही त्यांच्यासाठी इथल्या कायद्यात वेगळी तरतूद आहे. भाषा येत नाही हे त्या कारणांत बसत नाही. भाषेची सोय करणं हे आमचं, म्हणजे सर्जरीचं आणि संशोधन करणाऱ्यांचं काम आहे.

मी इथे २१ वर्षं जीपी आहे आणि त्यातली बरीच वर्षं आमची सर्जरी संशोधनात भाग घेते. एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. साताऱ्याकडच्या एक काकू मुलाबरोबर आल्या होत्या. डायबेटिसच्या गोळीची चाचणी होती. आमच्या रिसर्च नर्सने वीस मिनिटं, एकेक पान उलटत, सगळं नीट समजावलं. ती थांबली की मुलगा भाषांतर करायचा. त्या वीस मिनिटांचं भाषांतर झालं ते असं: "आई, काही नाही गं, एक गोळी आहे, तीन महिन्यांनी रक्त तपासणार. सही कर." औषधाच्या चाचणीत रुग्ण त्यासाठी योग्य आहे की नाही हे डॉक्टरने बघायचं असतं, म्हणून मी त्याच वेळी खोलीत आले होते. मी खुर्ची ओढून काकूंना मराठीत विचारलं, "तुम्हाला काय समजलं ते मला सांगता का?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे चांगलंच असणार." पेन हातात होतं, टोपण काढलेलं होतं.

ते पेन मी बाजूला ठेवायला सांगितलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मग काकूंनी एकेक प्रश्न काढले. संकष्टीला मी चंद्र दिसेपर्यंत काही खात नाही, तेव्हा ही गोळी घ्यायची का? गणपतीला दीड महिना गावी जाते, तिथे गोळ्या कोण देणार आणि रक्त कोण तपासणार? आणि मला नुसतीच खोटी गोळी मिळाली तर माझी साखर कोण बघणार? तिन्ही प्रश्न इतके महत्त्वाचे होते की पहिल्याचं उत्तर मला चाचणीच्या टीमला फोन करून विचारावं लागलं. दिवसभर उपाशी राहून साखरेची गोळी घेणं ही साधी बाब नाही. मुलगा प्रेमळ होता, आईची काळजी घेणारा होता. पण आई महिन्यातून एकदा कडक उपवास करते हे त्याच्या लेखी सांगण्यासारखं नव्हतं.

काकू कागद घरी घेऊन गेल्या आणि आठवड्याने नकार कळवला. "गावी गेले की मी अर्धवट सोडणार. त्यापेक्षा नकोच." अगदी योग्य निर्णय होता तो. त्यानंतर त्यांची डायबेटिसची वार्षिक तपासणी, पायांची तपासणी, डोळ्यांचे फोटो, सगळं आधी होतं तसंच चालू राहिलं. पुढे एका प्रश्नावलीच्या संशोधनात त्या स्वतःहून आल्या. तेव्हा नाही म्हटल्याने उपचारांवर काही परिणाम होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. हो म्हटल्यावर मध्येच सोडलं तरी होत नाही, आणि सोडताना कारण सांगण्याचीही सक्ती नाही.

आता मेसेजबद्दल. आधी एक छोटी गोष्ट: इथे जीपीच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. भारतातून नव्याने आलेल्या आईवडिलांना मेसेजमध्ये सर्जरी हा शब्द दिसला की ऑपरेशन आहे असं वाटतं आणि रात्रभर झोप लागत नाही. ते आधी स्पष्ट करून सांगा.

हा मेसेज येतो कसा? संशोधन करणारी संस्था, बहुतेक वेळा एखादं विद्यापीठ, आम्हाला निकष देते. उदाहरणार्थ, वय ५० च्या पुढे, टाइप २ डायबेटिस, किडनीचं काम ठीक. आम्ही सर्जरीच्या कॉम्प्युटरवर आमच्याच नोंदींमध्ये शोध घेतो. जी यादी निघते ती मी स्वतः नावानिशी बघते. आमच्याकडे हे काम सहसा संध्याकाळी, पेशंट संपल्यावर होतं. एकीचे यजमान गेल्या महिन्यात गेले, तिला आत्ता पत्र नको. एकाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, त्याचं नाव काढते. मी शिकाऊ असताना एका सर्जरीतून, यादी अशी न बघता, वारलेल्या माणसाच्या नावाने पत्र गेलं होतं. त्यांच्या पत्नी ते पत्र हातात घेऊन काउंटरपाशी उभ्या होत्या. तो चेहरा डोळ्यांसमोर असतो, म्हणून यादीतलं एकही नाव मी घाईने पुढे सरकवत नाही. उरलेल्यांना सर्जरीच्या नावाने निमंत्रण जातं. या पद्धतीत तुम्ही स्वतः होकार कळवेपर्यंत आईचं नाव, पत्ता, आजार यांपैकी काहीही संशोधकांकडे गेलेलं नसतं.

फसवणुकीची शंका घेतलीत ते बरंच केलं. हल्ली घ्यायलाच हवी. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्याआधी, सर्जरीचा जो नंबर तुमच्याकडे पूर्वीपासून आहे त्यावर फोन करा आणि असं संशोधन चालू आहे का ते विचारा. खऱ्या संशोधनात आधी फी भरा असं कोणी म्हणत नाही आणि सहभागी होण्यासाठी बँकेचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर कोणी मागत नाही. सोबतच्या माहितीपत्रकात नैतिकता समितीच्या मंजुरीचा उल्लेख आणि संशोधनाचा क्रमांक असतो. इंग्लंडमध्ये ही मंजुरीची व्यवस्था हेल्थ रिसर्च अथॉरिटी पाहते. त्या समितीत डॉक्टर असतात तसे वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सामान्य नागरिकही असतात. 'हा परिच्छेद पेशंटला कळणार नाही, पुन्हा लिहा' असं म्हणून त्यांनी संशोधकांना परत पाठवल्याचं मी पाहिलं आहे.

प्रयोगाची भीती मात्र नीट उलगडून सांगायला हवी. २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातल्या एका चाचणी केंद्रात सहा निरोगी तरुणांना एक नवं औषध दिलं गेलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. आपल्याकडे २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला मुलींच्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. संमती कशी घेतली यावर संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. ज्यांनी हे वाचलंय त्यांच्या मनात शंका येणारच, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण नॉर्थविक पार्कमधली चाचणी पहिल्या टप्प्याची होती, म्हणजे ते औषध माणसाला पहिल्यांदाच दिलं जात होतं. तसलं काम जीपीच्या सर्जरीत होत नाही. आमच्याकडे येतात ते बहुतेक प्रश्न वर्षानुवर्षं वापरात असलेल्या औषधांचे, आहाराचे, तपासण्यांचे किंवा नुसत्या प्रश्नावलीचे असतात. कधी नव्या औषधाच्या पुढच्या टप्प्याची चाचणीही असते, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि तिथे जास्त खोदून विचारावं.

एक नेहमीचा प्रश्न घ्या: ब्लड प्रेशरची गोळी सकाळी घ्यायची की रात्री? माझ्या खोलीत महिन्यातून चार जण तरी हे विचारायचे आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. डंडी विद्यापीठाच्या लोकांनी ब्रिटनभर २१,१०४ माणसं घेतली, अर्ध्यांना सकाळी आणि अर्ध्यांना संध्याकाळी गोळी घ्यायला सांगितली, तीही त्यांची रोजचीच. पाच वर्षांहून जास्त काळ माहिती गोळा केली, बरीचशी ईमेलवरून. २०२२ मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नाही. आता मी ठामपणे सांगते, तुमच्या लक्षात राहील तेव्हा घ्या. एवढं एक वाक्य बोलता यावं म्हणून एकवीस हजार लोकांनी पाच वर्षं दिली.

आईला नवी गोळी मिळणार की साधी, हे कोण ठरवतं? कोणीच ठरवत नाही, आणि गंमत म्हणजे तेच महत्त्वाचं आहे. मी हे भिशीवरून समजावते. भिशीची चिठ्ठी डोळे झाकून लहान मुलाकडून उचलून घेतात, म्हणजे ज्याला जास्त गरज किंवा ज्याची ओळख त्याला पैसे असं होत नाही. इथे तसंच कॉम्प्युटर चिठ्ठी उचलतो. मी निवडायला बसले तर नकळत जास्त आजारी माणसाला नवं औषध देईन, किंवा उलट करेन, आणि मग औषधाचा गुण की माणसाची मुळातली तब्येत हे कधीच कळणार नाही. पण चिठ्ठी कोणतीही निघो, डायबेटिसचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत ना, हे माहितीपत्रकात शोधा आणि सापडलं नाही तर विचारा.

हे सगळं इस्पितळं सोडून जीपीकडेच का? कारण इथे जवळजवळ प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका सर्जरीत नोंदलेला असतो आणि जन्मापासूनची नोंद एका जागी असते. थोडंसं वाढलेलं ब्लड प्रेशर घ्या. त्यासाठी कोणी इस्पितळात जात नाही. १९७७ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशाच १७,३५४ लोकांची चाचणी सुरू केली, ती १७६ जीपी सर्जरींमधून. १९८५ मध्ये उत्तर मिळालं ते अगदी प्रामाणिक होतं: असं सौम्य प्रेशर असलेल्या साधारण ८५० लोकांना वर्षभर गोळी दिली तर एक पक्षाघात टळतो. किती जणांनी गोळी घ्यायची तेव्हा एकाला फायदा, हा हिशोब पेशंटपुढे ठेवायला मी अशाच चाचण्यांतून शिकले.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा मुद्दा, आपल्या लोकांचा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असूनही आपल्याला डायबेटिस लवकर का होतो, हे त्या एका फोटोत दिसतं. दक्षिण आशियाई लोकांसाठी इथे २३ बीएमआयलाच धोका वाढला असं धरतात, ते अशा अभ्यासांमुळे. वेस्ट लंडनमधल्या ५८ जीपींच्या याद्यांमधून २००३ ते २००८ या काळात सुमारे २८,००० भारतीय आणि युरोपीय वंशाचे लोक एका मोठ्या अभ्यासात सामील झाले. साउथॉलच्या आसपासचे कितीतरी आजी-आजोबा त्यात होते. आणि तुमच्या आईच्या हृदयाचा धोका मोजायला मी जे गणित वापरते, त्यात 'भारतीय' असा वेगळा रकाना आहे. तो आला जीपी सर्जरींच्या नोंदींमधून. त्याआधी वापरायचो ते गणित एका अमेरिकन गावातल्या, बहुतेक गोऱ्या लोकांवर बेतलेलं होतं.

उलट बाजू बघा. डायबेटिस आहारानेच मागे हटवता येतो का, हे बघणारी डायरेक्ट नावाची चाचणी स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडच्या टाइनसाइड भागातल्या ४९ सर्जरींत झाली. तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींची पेयं आणि सूप, मग हळूहळू जेवण. वर्षभराने ४६ टक्के लोकांचा डायबेटिस औषधांशिवाय आटोक्यात होता. २०१७ मध्ये हा निकाल आला तेव्हा मी हरखून गेले होते. पण त्यातले जवळजवळ सगळे गोरे होते. माझ्यासमोर बसलेल्या मराठी बाईला, जिचं वजन मुळातच ५८ किलो आहे, हे किती लागू होईल? मी तिला मनापासून हो म्हणू शकले नाही. आपली माणसं यादीत नसतात तेव्हा आपल्यासाठीचं उत्तर अंदाजाने द्यावं लागतं.

कोव्हिडच्या वेळी हे आणखी जवळून दिसलं. भारतातून नातेवाइकांचे फोन यायचे. घरोघरी अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, आयव्हरमेक्टिन चालू होतं आणि सगळे विचारायचे, तुमच्याकडे का देत नाहीत? त्याच वेळी ऑक्सफर्डच्या प्रिन्सिपल नावाच्या चाचणीत इथले लोक घरबसल्या सहभागी होत होते, औषध पोस्टाने यायचं. २०२१ च्या जानेवारीत पहिल्या दोन औषधांबद्दल उत्तर मिळालं: घरी असलेल्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही. दम्याच्या पंपातलं बुडेसोनाइड मात्र वयस्कर लोकांना सरासरी तीनेक दिवस लवकर बरं करत होतं. माझ्या मावशीला पुण्यात मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा गोळ्यांचं पाकीट बाजूला ठेवलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या आईंनी विचार करावा, आणि जमत असेल तर सहभागी व्हावं. पण त्यांना पटलं तरच.

माहितीपत्रक वाचताना काही जागी थांबा. किती वेळा यावं लागेल, किती रक्त काढणार, भाड्याचे पैसे मिळणार का. इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हा परिच्छेद लोक वगळतात, तो तर आवर्जून वाचा. कंपनीची चाचणी असेल तर तिथे भरपाईचं वेगळं लिहिलेलं असतं. सर्जरीला या कामाचे पैसे मिळतात का, हेही बेधडक विचारा. मिळतात, नर्सचा आणि डॉक्टरचा वेळ जातो त्याचे. मला कोणी विचारलं तर राग येत नाही. रक्ताचे नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवायचे का, याचा संमतीपत्रावर वेगळा चौकोन असतो. मुख्य चाचणीला होकार देऊनही, तो ऐच्छिक असेल तर मोकळा ठेवता येतो. नोंदींचा वापर ही आणखी वेगळी बाब आहे. आईंची ओळख सांगणारी माहिती उपचारांव्यतिरिक्त संशोधनासाठी वापरली जाऊ नये असं वाटत असेल, तर २०१८ पासून नॅशनल डेटा ऑप्ट-आउट, म्हणजे तसा नकार नोंदवण्याची सोय, आहे. तो एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, अ‍ॅपमधूनही नोंदवता येतो. चाचणीत स्वतः सहभागी होण्याशी त्याचा संबंध नाही, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आणि आम्हालाही सगळं सांगा. आपल्या बायका घरचं औषध हे औषध मानत नाहीत. मेथ्या भिजवून पितात, कारल्याचा रस घेतात, गावाहून कोणीतरी दिलेली चूर्णाची पुडी डब्यात असते. डायबेटिसच्या गोळीबरोबर यानेही साखर खाली जाऊ शकते. कोणी रागावणार नाही, पण लपवलं तर चाचणीचा निकाल बिघडेल आणि त्याआधी आईंची तब्येत बिघडेल. भारतात किती महिने जाणार हेही पहिल्याच भेटीत सांगा.

तुम्ही उद्या एवढंच करा. सर्जरीला फोन करून रिसर्च नर्सशी बोलायचंय म्हणा आणि दुभाषी मागा. 'मराठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर इंडियन म्हटल्यावर हिंदी किंवा गुजराती बोलणारी व्यक्ती येते. मराठी दुभाषी फोनवरूनच मिळण्याची शक्यता जास्त, तोही चालतो. नेहमीपेक्षा दुप्पट वेळाची अपॉइंटमेंट घ्या. तुम्ही जरूर सोबत जा, बाजूला बसा, पण भाषांतर करू नका. आई अडखळल्या तर त्यांना अडखळू द्या. माहितीपत्रक त्या दिवशी घरी घेऊन या, सही नंतर. सही मराठीत केली तरी चालते. आणि रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावलं असेल, तर पिशवीत त्यांचा स्टीलचा डबा असू द्या. इथल्या वेटिंग रूममध्ये मशीनमधली बिस्किटं सोडून काही मिळत नाही.